कोपऱ्यातल्या चौकटीतले मास्तर

संध्याकाळी बातम्यांची वेळ झाली की बाईंच्या चष्म्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक उठून समोरच्या सलूनमध्ये जायचं. तिथल्या टीव्हीवर बाईंचे यजमान, मास्तर, रोज मार खात. असा फुकटचा तमाशा सोडून चष्म्याची फ्रेम कोण निवडत बसणार!

मार म्हणजे तोंडी मार. मास्तरांनी उभी हयात शाळेत नागरिकशास्त्र शिकवण्यात घालवलेली. निवृत्त झाल्यावर एका सभेत उठून सरकारने वाढवलेल्या पाणीपट्टीबद्दल त्यांनी चार शब्द नीट मांडले. कुणीतरी ते मोबाईलवर टिपून सगळीकडे पसरवलं आणि तिसऱ्या दिवशी वृत्तवाहिनीच्या मुलीचा फोन आला. "सर, तुम्ही काय शांतपणे बोलता हो! आमच्याकडे या ना." मास्तर हरखले. बाईसुद्धा हरखल्या, खोटं कशाला बोला. त्यांनी स्वतः मास्तरांचा शर्ट इस्त्री केला.

कार्यक्रमाचं नाव 'दोन्ही बाजू'. पडद्यावर सहा चौकटी. मधल्या मोठ्या चौकटीत अँकर, भोवती सरकारची तळी उचलणारे चार जण आणि खाली कोपऱ्यात मास्तर एकटे. त्या चौघांतल्या एकाच्या नावाखाली 'तटस्थ विश्लेषक' अशी पाटी. तटस्थ म्हणे! हा सगळ्यात मोठ्याने ओरडायचा. आणि याला म्हणायचं समतोल. वाण्याच्या तराजूत एवढी खोट निघाली असती, तर गल्लीने त्याला धरून बदडलं असतं.

मास्तरांची वर्गातली एक खोड होती. प्रश्न आला की आधी क्षणभर थांबायचं, चष्मा सारखा करायचा, मग बोलायचं. वर्गात त्या थांबण्याने पोरं गप्प व्हायची. इथे त्या तेवढ्या जागेत चौघे घुसायचे. "बघा, यांच्याकडे उत्तरच नाही!" अँकर गरजायचा. मास्तर म्हणायचे, "मला असं म्हणायचंय की—" आणि संपलं. त्या 'की'च्या पुढे मास्तर कधी गेलेच नाहीत. सलूनमधली टवाळ पोरं त्यांना 'कीमास्तर' म्हणायला लागली. एक जण तर दुकानात येऊन म्हणाला, "काकू, काल काकांची काय धुलाई झाली!" बाईंनी त्याला नको तेवढी घट्ट फ्रेम बसवून पाठवला.

"अहो, कशाला जाता तिथे लाज घालवायला?" बाई विचारत.

"अगं, दुसरी बाजू मांडायला कुणीतरी नको का?"

"मग मांडा की! मांडता कुठे?"

बाईंचं मागणं एवढंच होतं. या माणसाने तिथे एकदा तरी एक वाक्य पुरं करावं, नाहीतर घरी बसावं. पण रोज दाराशी गाडी येत होती, रस्त्यात लोक ओळखत होते आणि मास्तरांचा पाय काही तिथून निघत नव्हता.

एकदा बाई मास्तरांबरोबर स्टुडिओत गेल्या. काचेपलीकडून त्यांनी पाहिलं, पाणीपट्टीवरून अँकर मास्तरांना देशद्रोही म्हणत होता आणि तो तटस्थ टेबलावर मूठ आपटत होता. मग जाहिराती लागल्या. लगेच सगळ्यांचे चेहरे सैल. तटस्थाने बिस्किटांचा पुडा फोडून आधी मास्तरांपुढे धरला. "घ्या सर, घसा सुकला असेल." अँकर पाठीवर थाप मारून म्हणाला, "आज रंगलं बरं का सर! थोडे अजून चिडा." आणि मास्तर? मास्तर हसले. बिस्कीट घेतलं आणि हसले! शेळी जाते जिवानिशी नि खाणारा म्हणतो वातड, हे बाईंनी ऐकलं होतं. शेळीच खिदळताना त्या पहिल्यांदा बघत होत्या. येताना गाडीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या.

मग निवडणूक झाली आणि सरकार पडलं. चॅनलने एका रात्रीत कोलांटउडी मारली. ज्यांना काल लुटारू म्हणत होते, ते आज जनतेचे तारणहार झाले. लाज कोळून प्यालेली जात ती! तरी बाईंना आनंद झाला. मास्तरांची बाजू वर आली होती. आता तरी या माणसाला बोलू देतील.

सकाळी त्या मुलीचा फोन आला. मास्तरांनी मोठ्या हौसेने स्पीकर लावला.

"सर, आज नेहमीप्रमाणे. जागाही तीच, कोपऱ्यातली. फक्त आता तुम्ही जुन्या सरकारची बाजू मांडायची."

मास्तर चाचरले. "अहो, पण मी तर त्यांच्या विरोधात—"

"ते कुणाच्या लक्षात आहे, सर? आम्हाला समतोल तर ठेवायलाच हवा. आणि प्रेक्षकांना तुमची सवय झालीय. तुमच्यासारखं हरायला कुणाला जमत नाही हो!"

बाईंना वाटलं, आता हा माणूस फोन आपटणार. आपटायलाच हवा.

मास्तर क्षणभर थांबले, चष्मा सारखा केला. "बरं," ते म्हणाले, "त्यांचे मुद्दे तेवढे पाठवून द्या."

दुपारी बाई दुकान बंद करून जेवायला आल्या, तेव्हा मास्तर आरशासमोर उभे होते. "मागच्या सरकारने पाणीपट्टी वाढवली, त्यामागचं कारण असं की—" एवढं बोलून ते थांबले. बोट वर, तोंड अर्धवट उघडं. मग दुसरा मुद्दा घेतला. "आणि आपण हेही लक्षात घेतलं पाहिजे की—" पुन्हा थांबले.

घरात चिटपाखरू नव्हतं. ना अँकर, ना तो तटस्थ.

"की काय?" बाई दारातून म्हणाल्या. "बोला ना पुढे. इथे कोण अडवतंय तुम्हाला?"

मास्तरांनी आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं. "पुढचं मी तयार करत नाही आता," ते अगदी सहज म्हणाले. "तिथे लागतच नाही ना."

इतके दिवस बाईंना किळस यायची ती त्या अँकरची. आज पहिल्यांदाच ती नवऱ्याची आली, आणि न जेवताच त्या दार लोटून दुकानाकडे चालू लागल्या.