एकटीच्या उत्तरात सगळी वस्ती

"कशाला जायचं वस्तीत? तू आहेस ना! तुझाच फॉर्म भर. वेट वाढवू."

सर हसत बोलले. भर मीटिंगमध्ये. टेबलाभोवतीचे सगळे हसले.

मुसी नदीकाठच्या शहरात, हिमायतनगरला आमचं ऑफिस. सर पुण्याचे. माझे आजोबा मराठवाड्यातून मजुरीला इथं आले. आम्ही बौद्ध, हे सरांनी पहिल्याच दिवशी आडनावावरून काढलं होतं.

कुणाच्या घरी किती पाणी येतं, याचा सर्वे होता. सोसायट्यांतून उत्तरांचा ढीग आलेला. मुसीकाठच्या वस्तीत कुणी फिरकलंच नव्हतं.

वेट म्हणजे वजन. एखाद्या भागातली माणसं कमी भेटली, की त्यांच्या उत्तरांचं वजन वाढवायचं. मोजणीत त्यांचा वाटा बुडू नये म्हणून. चांगलं शास्त्र आहे. मी त्यातच एमएस्सी केलंय. पण आधी माणूस भेटावा लागतो!

"सर, मी दिलसुखनगरला फ्लॅटमध्ये राहते. माझ्या नळाला रोज पाणी येतं."

"अगं, तुम्हा लोकांना माहीत असतंच ना तिकडचं. एक काय, दहा काय. सगळे सारखेच."

शिकले, नोकरी केली, घर घेतलं. तरी यांच्या लेखी मी वस्तीतलीच. आणि वस्तीतली तर यांना माणसंच वाटत नाहीत. सगळी मोजणी माझ्या एकटीवर उरकायची. माझं खरं उत्तर लिहिलं असतं, तर वजन लावून सगळ्या वस्तीला पाणी पोचलं असतं. कागदावर.

"नाही भरणार."

शब्द गिळला नाही.

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस," सर म्हणाले. आता कुणी हसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीच वस्तीत गेले. पहिल्या दारातली बाई रिकामा ड्रम घासत होती. "पानी? टँकर आया तो है, नै आया तो नै. आजतक कोई पूछने कू नै आया, अम्मा." तिच्या शेजारणीकडे नळ होता. पाण्याला गटाराची घाण. पलीकडची म्हातारी तर मशिदीच्या नळावरून घागर आणायची. कुठं होते सगळे सारखे?

दारोदार फिरून फॉर्म भरले आणि परतले, तर ऑफिसात रिपोर्ट तयार होता. वस्तीची उत्तरं कुणीतरी खुर्चीत बसून भरलेली. सरांनी माझी सही मागितली. दिली नाही. सर्वे ज्यांनी करवून घेतला, त्यांना सरळ लिहिलं: वस्तीची उत्तरं बनावट आहेत, खरी सोबत पाठवतेय.

मला त्या कामावरून काढलं. नोकरीही जाईल. जाऊ दे. जिथं जाईन तिथं विचारीन, कुणाच्या दारात गेला होतात? गेला नसाल, तर तो आकडा माझ्या हातून पुढं जाणार नाही. आणि 'तुम्ही लोक' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथं अडवीन. सगळ्यांसमोर.