दोन घरांमधली खुर्ची

अण्णा गेल्याची बातमी मला फोनवरून कळली नाही, ती भिंतीपलीकडून आली. सकाळी मी आमच्या हॉलमध्ये पेपर चाळत बसलो होतो. समोर, दोन घरांमधल्या उघड्या चौकटीत, माझ्या वडिलांची, अण्णांची, पाठ दिसत होती. पलीकडून वहिनींचा, म्हणजे तुमच्या काकूंचा, आवाज आला, "भावोजी, जरा इकडे या ना. अण्णा चहा घेत नाहीयेत..." मी उठून गेलो. कपातल्या चहावर साय धरली होती. ओम, ईशान, तुम्ही दोघं तेव्हा शाळेत होतात. त्या सकाळीला आता काही महिने झाले. हे मी तुमच्यासाठी लिहितोय, कारण तुम्ही भाऊ आहात आणि तुमच्या आजोबांचं निम्मं आयुष्य दोन भावांच्या मध्ये बसण्यात गेलं.

परळची खोली विकून अण्णांनी मीरा रोडला, शांती नगरात, शेजारी शेजारी दोन लहान फ्लॅट घेतले. एक दादाचा, म्हणजे तुमच्या काकांचा, आणि एक माझा. आम्ही दोघंही तेव्हा कॉलेजात होतो. मग त्यांनी मधली भिंत फोडून घेतली. सुताराने चौकट बसवली, बिजागऱ्या ठोकल्या, पण दार घेऊन आला तेव्हा अण्णांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. आई म्हणाली, "अहो, उद्या सुना येतील. दार नको का?" अण्णा म्हणाले, "दार असलं की कुणीतरी ते लावतं." ते तयार दार माळ्यावर धूळ खात पडलं आणि शेवटी त्याचं इस्त्रीचं टेबल झालं. बिजागऱ्या मात्र चौकटीवर तशाच राहिल्या. येता-जाता माझे कितीतरी शर्ट त्यांत अडकून फाटलेत.

आई गेल्यावर अण्णांनी नायलॉनच्या पट्ट्यांची आपली घडीची खुर्ची थेट त्या चौकटीत मांडली. पुढचे पाय एका घरात, मागचे दुसऱ्यात. सकाळी तोंड दादाकडे, संध्याकाळी आमच्याकडे. खुर्ची ते स्वतःच उचलून फिरवत, कुणाला हात लावू देत नसत. कुणाकडे राहता, असं कुणी विचारलं तर म्हणत, "बसतो. राहायचं काय त्यात?" त्यांना तिथे वारा लागतो असं आम्ही धरून चाललो होतो. खरं तर तिथे फारसा वारा नव्हताच, फोडणीचा वास मात्र दोन्हीकडून यायचा.

मग पाण्यावरून आमचं वाजलं. तेव्हा पाणी एक दिवसाआड यायचं आणि मोठं पिंप दादाच्या मोरीत होतं. कुणी किती बादल्या नेल्या इथपासून सुरू झालेलं भांडण कुणी किती शिकलं इथपर्यंत गेलं. बोलणं बंद झालं. दोन्ही सुनांनी आपापल्या बाजूने पडदे लावले. अण्णांनी खुर्ची हलवली नाही. एक पडदा त्यांच्या पाठीवर यायचा, दुसरा गुडघ्यांवर. त्या अवतारात ते शांतपणे शब्दकोडं सोडवत बसत. मला त्यांचा राग यायचा, आणि हसूही यायचं.

त्या दिवसांत मी एकदा म्हणालो, "अण्णा, दादाला सांगा, मोटर बंद करायला."

"मी पोस्टमन नाही. तो बसलाय ना समोर, सांग की." एवढं बोलून त्यांनी दोन्ही पडदे सरकवले आणि डोकं एका बाजूला झुकवलं, सिनेमात मागच्याला दिसावं म्हणून झुकवतात तसं. पलीकडे दादा मटार सोलत होता. आता गप्प बसणंही अवघड झालं. मी म्हणालो, "दादा, मोटर." तो म्हणाला, "केली." समेट म्हणायचा तर एवढाच. पडदे पुढे कधीतरी धुवायला काढले, ते परत लागले नाहीत.

तेरावं झाल्यावर दादाने सांगितलं की तो भाईंदर पूर्वेला मोठी जागा घेतोय. पोरगी मोठी झालीय, तिला खोली हवी. यात चूक काहीच नव्हतं. मी विचारलं, "अण्णांना माहीत होतं?"

"त्यांनाच आधी सांगितलं, चार-पाच महिने झाले."

"मग? काय म्हणाले?"

दादा म्हणाला, "काय म्हणणार... डोकं बाजूला केलं. म्हणाले, त्याला तूच सांग. पण मला ते जमलं नाही रे."

मला फार वाईट वाटलं. म्हणजे शेवटचे काही महिने अण्णा त्या खुर्चीत हे एक वाक्य माझ्यापर्यंत पोहोचायची वाट बघत बसले होते, आणि स्वतः मात्र एका शब्दानेही त्यांनी ते पोहोचवलं नाही.

दादाचा फ्लॅट विकत घेणाऱ्यांना भिंत हवी होती. गवंडी आला. "साब, चौकट निकालने का, के अंदर ही रहने देने का?" दादा म्हणाला, "रहने दो." आमच्यात यापेक्षा जास्त चर्चा झाली नाही. खुर्ची तो आमच्याकडे ठेवून गेला. तो गेल्यापासून आमचं बोलणं बायकांच्या फोनवरून व्हायला लागलं. ह्यांनी विचारलंय, भावोजींना सांगा, असं. भांडण वगैरे काही नाही. सोयीचं पडत होतं, इतकंच.

परवा संध्याकाळी मी त्या खुर्चीत बसलो होतो. समोर नवी भिंत, रंगाचा वास अजून गेलेला नाही. तुमचं दोघांचं रंगपेटीवरून बिनसलं होतं. ईशान माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला, फुगलेला. "बाबा, ओमला सांग ना, मला निळा दे म्हणून." ओम उजव्या हाताला, पाठ करून. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी डोकं मागे घेतलंय, ईशानला ओम दिसावा म्हणून. ईशान थोडा घुटमळला. मग म्हणाला, "दे ना रे." ओमने मागे न बघताच निळा खडू पुढे केला.

तेवढ्यात तुमची आई फोन कानाला लावून स्वयंपाकघरातून आली. "वहिनी आहेत. रविवारी जेवायला येताय का, असं दादा विचारतायत. काय सांगू?"

मी खुर्चीतूनच हात पुढे केला. "तू नको सांगूस, फोन दे इकडे," म्हणालो. "वहिनी, दादाला द्या."