आईची कातडी

शिराळ्याच्या रस्त्याला गुऱ्हाळ लागलं, उकळत्या रसाचा वास गाडीत शिरला आणि मी घाईनं काच वर केली.

माझी धाकटी बहीण सुमी आमच्याच गुऱ्हाळावर काहिलीतल्या रसानं भाजली होती. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगावर काढून जखमांवर लावण्याजोगी कातडीच उरली नाही. आई उठून नळावर गेली, साबणानं मांडी घासून धुतली आणि लुगडं वर धरून त्यांच्यासमोर बसली.

"माझी काढा. हितली लय चांगली हाय."

"मावशी, थोडे दिवस धरेल, मग गळून पडेल. तिचं शरीर तुमची कातडी परकी समजतं."

"आवं, पोटात वाढली तवा माझ्या अंगानं तिला परकी म्हटलं न्हाई की!"

सुमी वाचली नाही.

आता मी साताऱ्यात कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आपलं कोण, परकं कोण, हे पेशी एकमेकींच्या अंगावरच्या खुणांवरून ओळखतात, असं फळ्यावर लिहिते. डॉक्टर खरं तेच सांगत होते. पण लिहिताना दरवेळी मला ती धुऊन तयार ठेवलेली मांडी दिसते. त्या दिवशी संध्याकाळ झाली तरी आईनं तिच्यावर लुगडं ओढलं नव्हतं.