ब्लँकेटवरचं ठिगळ

धाकटी काय काम करते असं कोणी विचारलं, की तिची आई सरळ सांगायची, "बापाने जन्मभर डाग काढले, ही डाग पाडते." यात खोटं काही नव्हतं. तिच्या बाबांनी चाळीस वर्षं लाँड्री चालवली होती आणि गल्लीभर त्यांना इस्त्रीमास्तर म्हणत. धाकटी कॉम्प्युटरवर जुनाट पार्श्वभूमी तयार करायची: पिवळा पडलेला कागद, विटलेलं कापड, घासून पुसट झालेली वेलबुट्टी. कोरंकरकरीत पान पणजोबांच्या काळातलं करून द्यायचं, ही तिची रोजीरोटी.

मास्तरांच्या दुकानाच्या पाटीवर नावाखाली एक ओळ होती, 'आजवर एकही कापड जळलेलं नाही'. गुडघ्यांनी दगा दिल्यावर दुकान बंद झालं. पाटी मात्र घरी आली आणि बैठकीच्या खोलीत दारावर लागली. घरी कोणीही आलं, की चहाआधी त्याला ती ओळ वाचावी लागे.

त्या दिवसांत धाकटी कात्रीत सापडली होती. जुन्या पत्रांच्या एका पुस्तकातल्या बारा पानांची पार्श्वभूमी तिच्याकडे आली होती. नोकरी सोडल्यावरचं हे पहिलंच मोठं काम, आणि प्रकाशनाच्या मॅडमनी ते दोनदा परत पाठवलं. हे जुनं वाटत नाही, मुद्दाम मळवलेलं वाटतं. सोमवारी शेवटचं बघू, नाहीतर दुसऱ्या कोणाला देऊ, असं त्यांनी कळवलं. म्हणजे पुन्हा त्या जुन्या ऑफिसात हात जोडून उभं राहणं आलं.

एका सकाळी मास्तर कप घेऊन तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि तिला आठवडाभरात जे दिसलं नव्हतं ते त्यांना चहा संपायच्या आत दिसलं. एक लहान तुकडा फरशीसारखा शेजारी शेजारी जोडून तिने पान भरलं होतं, त्यामुळे एकच डाग चार ठिकाणी उमटला होता. मास्तरांनी चारही डागांवर बोट ठेवून दाखवलं.

"माणूस काय सगळीकडे सारखा मळतो का गं?" ते म्हणाले. "कॉलर मळते, बाही मळते, खिशाची कड झिजते. पाठ आपली बरी राहते. जिथे हात जातो ना, तिथे कापड जुनं होतं."

इतकी वर्षं या माणसाशेजारी बसून जेवले आणि हे कधी विचारलं नाही, याची धाकटीला लाजच वाटली. ती कॅमेरा घेऊन घरभर हिंडली. कपाटाच्या मुठीभोवती उडालेला रंग, जिन्याचा कठडा, मास्तरांच्या खुर्चीचा हात. अकरा पानं झाली. बाराव्यासाठी तिला हवं होतं दुकानातल्या इस्त्रीच्या टेबलावरचं ब्लँकेट. चाळीस वर्षांच्या वाफेने त्याच्यावर जे रंग चढले होते, ते दुसरीकडे कुठे मिळणार? गुंडाळी माळ्यावरच होती. पण मास्तर नाही म्हणाले, आणि कारण विचारल्यावर खेकसले. मग दोन दिवस ते येता-जाता माळ्याकडे बघत राहिले.

रविवारी आई शेजारी गेली होती, तेवढ्यात त्यांनी आपणहून गुंडाळी खाली काढली आणि उलगडली. मधोमध एक मोठं ठिगळ होतं. त्यांनी लहान कात्री घेतली आणि एकेक टाका उसवला. ठिगळाखाली इस्त्रीचा टोकदार, काळाकुट्ट आकार होता.

धाकटीने पाटीकडे पाहिलं. मास्तरांनी मान खाली घातली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. ती सहा वर्षांची असताना शाळेच्या जिन्यावरून पडली, डोकं फुटलं. निरोप आला तेव्हा टेबलावर वकिलांचा काळा कोट होता. इस्त्री त्याच्यावर तशीच सोडून मास्तर धावत सुटले. परत येऊन बघतात तो कोटाची पाठ गेलेली. त्यांनी गुपचूप स्वतःच्या लग्नातला काळा कोट वकिलांना दिला. वकील खूश, धुतल्यावर अंगाला छान बसायला लागला म्हणाले. बायकोला मास्तरांनी सांगितलं, की लग्नातल्या कोटाला कसर लागली.

"पण एवढ्या घाईतही इस्त्रीचं बटण बंद केलं आणि दार ओढून घेतलं हं," ते म्हणाले, तेव्हा जुनी ऐट थोडी परत आली होती. "हाताला वळणच तसं. नाहीतर दुकानच गेलं असतं."

"मग आजच का उसवलंत, बाबा?"

"तुझं काम अडलंय. पाटीचं काय घेऊन बसलीस!"

धाकटीचा हात कपाळावरच्या जुन्या व्रणाकडे गेला. आपल्याला किती मिळालं आहे आणि त्यातलं किती आपल्याला ठाऊकही नव्हतं, असं तिला वाटलं, आणि तिने ते त्यांना तसंच बोलून दाखवलं. मास्तर म्हणाले, उजेड जाईल, आधी फोटो काढ.

सोमवारी बारा पानं गेली आणि संध्याकाळच्या आत मंजूर झाली. पुढचं पुस्तकही तुम्हीच करा, असं मॅडमनी कळवलं.

छापलेली प्रत घरी आली तेव्हा आई एकेक पान उलटत शेवटच्या पानावर थांबली. पत्राच्या ओळींखाली तो टोकदार आकार अगदी पुसट दिसत होता. मास्तर चुळबुळले. मग त्यांनी बायकोपुढे कोटासकट सगळं कबूल केलं, आणि शेवटी बटणाचंही सांगितलं.

"बटण मी बंद केलं," आई म्हणाली. "डबा घेऊन आले होते. दुकान उघडं, सगळा धूर. बटण बंद केलं, दार ओढलं आणि तुमच्या मागोमाग दवाखाना गाठला."

मास्तरांनी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"पोरीला मांडीवर घेऊन रडत होतात. तेव्हा कुठे बटणाचं काढू? आणि नंतर तुम्ही मलाच कसरीचं सांगायला लागलात."

मास्तर पाटी उतरवायला उठले. आईने त्यांना हाताला धरून खाली बसवलं. म्हणाली, गुडघे सांभाळा, पाटी राहू दे.