वार, तिथी आणि नुस्तें

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मयेच्या तळ्याकाठी गाडी थांबवून उगाच पाण्याकडे बघत होतो. वहिनी नुसतं "सुहास, ये रे" म्हणाली... आणि मला कळलं. माधवदादा माझा चुलत भाऊ, मूळचा पेडण्याचा. डिचोलीत त्याची खानावळ होती आणि सुर्ल्याच्या ऑफिसांना तिथूनच डबे जायचे. माणूस मोठा स्वप्नाळू. गिऱ्हाईक समोर उभं असताना खिडकीबाहेर बघत बसायचा आणि मग त्यालाच विचारायचा, आज वार कोणता म्हणून.

या हरवण्यापायीच एकदा घोळ झाला. एका ऑफिसात त्याने नेहमीसारखं बांगड्याचं हुमण, म्हणजे नारळाच्या रसातली आमटी, पाठवलं आणि दिवस निघाला संकष्टीचा. डबे होते तसे परत आले. दादा इतका ओशाळला की दोन दिवस गल्ल्यावर बसेना. मी दुकानांना हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देतो, त्याचंही मीच बसवलेलं. त्याने मला बोलावलं नि म्हणाला, पडद्यावरची ही तारीख बदलून दे. मी आपला समजावत बसलो, दिवस आधी घेता येतो, महिना अक्षरात घेता येतो, वर्षाचे दोनच आकडे ठेवता येतात. तो हसत सुटला. त्याला आधी वार हवा होता, मग तिथी, आणि त्याखाली ठळक अक्षरांत एकच शब्द: नुस्तें किंवा शिवराक. मासे की बिनमाशाचं, एवढंच. बिलावर मात्र सरकारी तारीखच राहील, हे मी हट्टाने मान्य करून घेतलं.

तिथ्या यंत्राला आपोआप कळेनात, त्या दरवर्षी भराव्या लागायच्या. पाडव्याच्या आधी एखाद्या दुपारी आम्ही दोघे पंचांग घेऊन बसायचो. तो वाचायचा, मी टाइप करायचो. मध्येच त्याचा आवाज मंदावायचा... या पौर्णिमेला तेरेखोलला जाऊया रे, नदीपलीकडे नुसते बसून राहू. मी हो म्हणायचो आणि पुढची तिथी विचारायचो. आम्ही कधीच गेलो नाही. फार वाईट वाटतं आता.

परवा त्याचा मुलगा म्हणाला, काका, आता साधी तारीखच ठेवा, हे दरवर्षी भरणार कोण? त्याचंही खरंच होतं. भरलेल्या तिथ्या संपत आल्या होत्या, पाडव्यानंतर पडद्यावर नुसते आकडे उरले असते. वहिनी आतून हात पुसत आली, दादाच्या खुर्चीवर बसली आणि पंचांग उघडून वाचू लागली. मी टाइप करू लागलो. बाहेर ऊन कलत होतं. तिचा आवाजही मधूनमधून मंदावत होता. मग दादा गेला ती तिथी आली. मी न विचारताच शिवराक लिहिलं.

"ता पूस," वहिनी म्हणाली.

"वहिनी, त्या दिवशी वर्षश्राद्ध येतं."

"म्हायत आसा माका. नुस्तें लिही. जन्मभर लोकांचे शिवराक सांभाळले रे त्यांनी. त्या दिसा मी त्यांका बांगड्याचा हुमण वाढतलंय."

मला पडदा दिसेना. डोळे पुसून मी नुस्तें लिहिलं, आणि वहिनीने पुढची तिथी वाचली.