दार लावून केलेली आंघोळ

माझा नवरा हिंगणघाटच्या बाजारात एका दुकानाच्या बाकावर टेकला आणि उठलाच नाही. त्या दिवशी सकाळी त्यानेच मला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. चौदा वर्षं तोच बसवत होता. स्कूटरवरून पडून माझा कणा मोडला, तेव्हापासून कमरेखालचं मला काही कळत नाही. उचलताना तो "एक, दोन" म्हणायचा आणि दोनवरच उचलायचा.

अल्लीपूरच्या आमच्या घरी दिवसभर माणसं येत राहिली, रडत राहिली. मला खुर्चीतून काढायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही कोणाला म्हटलं नाही. दिवस मावळल्यावर मोठ्या बहिणीने निजवलं, तेव्हा बसायच्या जागी जखम झालेली होती. ती भरायला दोन महिने गेले. मला ती दुखली नाही. बाकीचंही काही दुखत नव्हतं. आल्यागेल्या बाया म्हणत, धक्का बसला आहे, रडेल हळूहळू. मी घरी घ्यायचे त्या गणिताच्या शिकवण्या बंद केल्या आणि खिडकीशी बसून राहू लागले.

ताई तळेगावहून आली ती राहिलीच. तिकडे तिचा संत्र्याचा बगिचा होता, सुनेचे दिवस भरत आले होते. इकडे ती साठीची बाई शेजारणीला हाक मारायची आणि दोघी मिळून मला न्हाणीत न्यायच्या. एक धरायची, एक पाणी घालायची. मी भिंतीकडे बघत राहायची.

आठ महिने असे गेले. मग ताईच्या मुलीचा मुंबईहून फोन आला. ती तिथे नर्स आहे. म्हणाली, "मावशी, मोठ्या बोटीची सहल आहे, पाच दिवसांची. खुर्ची नेता येईल अशा खोल्या आहेत त्यात. मी सगळं विचारून घेतलंय. तू आणि आई जा." मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर का नाही, ते सांगत बसावं लागलं असतं.

सेवाग्रामला दोन हमालांनी मला खुर्चीसकट गाडीत चढवलं. मुंबईच्या धक्क्यावर एक अर्ज भरायचा होता. चार पावलं तरी चालता येतं का? जिना उतरता येतो का? मी सगळीकडे नाही लिहिलं. बोटीवर चढल्या चढल्या भोंगा वाजवून सगळ्यांची संकटाची तालीम घेतली. एक अधिकारी माझ्याजवळ येऊन हिंदीत म्हणाला, तसं काही झालं तर आम्ही चौघं तुम्हाला उचलून नेऊ. ताईने त्याला हात जोडले. मी त्याचे बूट बघत होते.

बोट म्हणजे आडवी पसरलेली इमारतच होती. लिफ्ट होत्या, दारं रुंद होती, पण बोळात जाड गालिचा अंथरलेला. त्यावर खुर्ची ढकलताना ताईला दम लागायचा. पहिल्या दिवशी गच्चीवर बसून समुद्र पाहिला. ताई सारखी विचारायची, "बरं वाटून राह्यलं का व तुले?" मी मान हलवायची. जेवणघरात माझ्यासारख्या आणखी दोघीतिघी खुर्चीवरच्या बाया होत्या. त्यातली एक गुजराती बाई ओळख नसताना माझ्याकडे पाहून हसली. मला हसायला उशीर झाला. तोवर ती पुढे गेली होती.

तिसऱ्या दिवशी बोट एका बेटापासून लांब उभी राहिली. तिथे धक्का नाही, लहान होड्यांतून जावं लागतं. लाटांवर होडी वरखाली होत होती. तोच अधिकारी आला आणि म्हणाला, खुर्ची होडीत नेता येणार नाही, माफ करा. ताई एकदम बसली. "मंग मीबी नाई जात."

"काऊन? तू जाजो," मी म्हटलं.

"तुले एकटी सोडून?"

"इथून मी कुठं पळून जाणार आहे?"

ती गेली. वळून वळून पाहत गेली. मी खोलीत परत आले. बोट रिकामी झाली होती, कुठे आवाज नव्हता. न्हाणीघराचं दार उघडं होतं. दोन दिवस ताईच मला तिथे आंघोळ घालत होती, त्यामुळे मी ते नीट पाहिलंच नव्हतं. खुर्ची थेट आत जात होती. भिंतीला घडीची बैठक, दोन्हीकडे धरायला दांडे, हाताशी फवारा. मी आत गेले, बैठक पाडली, खुर्चीची चाकं अडकवली आणि दांडा धरून बैठकीवर सरकले. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं. पायांना गरम-गार कळत नाही म्हणून कोपरावर पाणी घेऊन पाहिलं. मग हात लांब करून दार लावलं.

चौदा वर्षांत पहिल्यांदा मी न्हाणीच्या दाराच्या आत एकटी होते. केस दोनदा धुतले. पाय उचलून मांडीवर घेतला आणि बोटांच्या बेचक्यांतून साबण फिरवला. आनंद झाला असं मी म्हणणार नाही. पाणी अंगावरून जात होतं आणि घाई करणारं कोणी नव्हतं, इतकंच.

ताई परतली तेव्हा तिच्या लुगड्याचा काठ ओला होता, तोंड उन्हाने तांबूस झालं होतं. "काई नाई व तिथं, नुसती वाळू," ती म्हणाली. मग तिचं लक्ष माझ्या केसांकडे गेलं.

"केस कोणं धुतले तुये?"

"मीच. आंघोळ केली."

"एकटीनं? पडली असती तं?"

"नाही पडले."

ती पलंगावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "मंग माह्यं काय काम आता?" मी खुर्ची तिच्याजवळ नेली आणि बसून राहिले. तिचं रडणं थांबायला बराच वेळ लागला.

घरी आल्यावर मी गावातल्या मिस्त्रीला बोलावून न्हाणीचं दार रुंद करून घेतलं. भिंतीत लोखंडी दांडे बसवले, बसायला लाकडी फळी केली. ताई आठवडाभर बाहेर उभी राहून "झालं का?" विचारायची. तोवर पलंगावरून खुर्चीतही माझी मी सरकू लागले होते. नंतर मीच म्हटलं, "ताई, तू घरी जा. नातू पाहा." ती तीन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. चौथ्या दिवशी पिशवी भरली आणि तळेगावच्या गाडीने गेली.

ती गेल्यावर पंधराएक दिवसांनी मी फळीवरून घसरले. मोबाइल बाहेर पलंगावर राहिला होता. तासभर ओल्या फरशीवर पडून हाका मारल्या, तेव्हा शेजारीण आली आणि तिने नवऱ्याला बोलावलं. त्याने डोळे मिटून माझ्यावर चादर टाकली, मग दोघांनी उचललं. गुडघा फुटला होता. ते मला रक्त पाहून कळलं. ताईला मी हे सांगितलेलं नाही. मिस्त्रीकडून फळीला कठडा लावून घेतला आणि आता मोबाइल पिशवीत घालून दांड्याला अडकवते.

शिकवण्या परत सुरू केल्या आहेत. दहावीच्या सहा मुली पाच वाजता येतात. सध्या त्रिकोणमिती चालू आहे.