मागे बघणारी पानं

शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात सिद्धम्माची रांगोळी बघायला येणारे-जाणारे थांबतात. मीही खिडकीतून बघते, आणि स्पष्टच सांगते, माझा जळफळाट होतो. मी कॉलेजात आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यातलं एकही पोरगं रस्त्यात ओळख दाखवत नाही. हिनं जन्मभर कडक भाकऱ्या थापून विकल्या, आणि नाव हिचं!

ती अक्कलकोटकडची. लग्न होऊन आली तेव्हा कानडीशिवाय काही येत नव्हतं. सासू मल्लव्वा शब्दांनी शिकवत बसली नाही. रांगोळी चुकली की हातावर चापट. ही मल्लव्वा डावखुरी. तिच्या रांगोळीतल्या वेलीची पानं उलटी यायची. वेल पुढे चालली तरी पानं मागे बघणारी. सिद्धम्मा उजव्या हाताची, पण सासूचं बघून शिकली, म्हणून तिचीही तशीच.

"अगं, उलटं काढतेस," मी एकदा सांगितलं.

"असू द्या की बाई. अत्ती अशाच काढायच्या."

अत्ती म्हणजे सासू. विषय संपला.

हल्ली तिचा हात थरथरतो. तिकडे पुण्याला राहणाऱ्या सुनेनं दारात चिकटवायची प्लास्टिकची रांगोळी पाठवली, ती तिनं भाकरीच्या दुरडीखाली घातली. सासूची वेल आपल्याबरोबरच संपणार, या धास्तीनं बाई खंगायला लागली होती. मला वाईट वाटलं. थोडं.

पण मग नेमकी माझी नात तिच्या हाती लागली. वैदेही आर्किटेक्चर शिकते, सुट्टीला माझ्याकडे येते. म्हणजे बॅग माझ्याकडे, आणि ती सिद्धम्माच्या ओट्यावर रांगोळी गिरवत. मी शेंगापोळ्या करून वाट बघायची आणि 'सिद्धम्माआजी असं म्हणाली' ऐकायचं.

"तिकडेच राहायला जा मग," मी म्हणाले.

"जेवून जाते," म्हणाली कार्टी!

यंदा भोगीच्या सकाळी वैदेहीनं सिद्धम्माच्या दारातून वेल काढायला घेतली, ती थेट आमच्या उंबऱ्यापर्यंत आणली. सिद्धम्मा खुर्चीत बसून पदरानं डोळे टिपत होती. माझी नात, माझा उंबरा, आणि डोळे हिचे भरून यायचे! मला बघवेना.

"आमच्या दारात सरळ पानं हवीत," मी बजावलं.

"हात तसाच वळतोय, आजी."

"तुमी काढा की मग," सिद्धम्मानं डिवचलं. "कॉलेजात शिकवत हुता नव्हं?"

बसले. गुडघे बोलले. चिमूट सोडली, तर पान मागे बघणारं. दुसरं मुद्दाम जपून काढलं. तेही तसंच! इतकी वर्षं खिडकीतून डोळे वटारून बघितलं, त्याचं हे फळ.

सिद्धम्मा टाळी वाजवून हसली. "अत्ती आल्या की तुमच्या हातात! मी चापटा खाल्ल्या, तुमाला फुकटात!"

कधीच्या मेलेल्या त्या मल्लव्वाचा मला असा राग आला! नात घेतली ती घेतली, आता माझा हातसुद्धा? मी पुसायला निघाले, तर वैदेहीनं मनगट धरलं.

"राहू दे गं. माझ्यापेक्षा छान आलीत."

"हो?" मी म्हणाले. आणि मग, शेजारच्या खुर्चीला नीट ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आणि हिच्यापेक्षा?"